खारूसाठी मुलगी पाहिली

४ मार्च, मंगळवार

खारू आणि बदकराव आज न कळवता आले. लेक-जावई न कळवता आले की समजावं – एकतर भांडण, नाहीतर बातमी. दोघं एकाच बाजूच्या खुर्च्यांवर बसले. म्हणजे भांडण नव्हे.

माझ्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या या बाजूला, दोन त्या बाजूला. एरवी तिथे मुलाकडचे आणि मुलीकडचे बसतात. इतकी वर्षं स्थळं जुळवतेय, माणूस कुठल्या खुर्चीवर कसा टेकला यावरून मला निम्मं कळतं. शाळा सातवीत सुटली, बाकीचं सगळं माणसं वाचून शिकले.

"आई, माझ्या बीजानं आता व्हायचं नाही म्हणाले डॉक्टर. सगळं करून झालं. आता दुसऱ्या एखाद्या मुलीचं बीज घ्यायचं. तिचं आणि यांचं मिळून गर्भ तयार करतात. वाढवायचा मी. माझ्या पोटात."

एका दमात बोलली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते ती, दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणते. आज स्वतःच समोरची ओळ वाचल्यासारखं बोलली. मध्ये थांबली असती तर पुढचं दिसलं नसतं तिला.

मी म्हटलं, "म्हणजे अंडं दुसरीचं आणि उबवायचं तू?"

बदकराव खो खो हसले. (तलावावर पोहायला शिकवतात. मान लांब, पाय बाहेर. नाव मी ठेवलंय. तोंडावर जावईबापूच म्हणते!) खारू नाही हसली. म्हणाली, "तुझं काही राहणार नाही गं त्यात. तुझं, बाबांचं, आजीचं – काहीच नाही."

घ्या! माझं काय राहणार नाही याची हिला काळजी. स्वतःचं बाजूलाच.

"माझं काय एवढं सोन्याचं आहे?" मी म्हटलं. "हे गुडघे, ते घोरणं आणि ही जीभ. तिन्ही माझ्याबरोबर गेलेली बरी!"

तेव्हा हसली. हसता हसता रडली. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले, कारण बाहेर थांबले असते तर आम्ही तिघंही सुरू झालो असतो.

साखर घालायची राहिली. कुणी बोललं नाही. कप मात्र रिकामे झाले.


५ मार्च

खरं लिहायचं तर जरा लागलं. खारूच्या डाव्या गालाला खळी पडते ती ह्यांची. हे गेल्यापासून ती खळी बघूनच बोलत आलेय मी तिच्याशी.

बास. एवढंच होतं.


७ मार्च

खारूला फोन करून समजावलं – विरजण शेजारणीचं असलं तरी दही आपल्याच पातेल्यात लागतं. "आई, मला दही करू नकोस." बरं, मग लोकर बाजारची असली तरी स्वेटर विणणारीचाच. "आई!" मग भाड्याच्या घराचं एक सुचलं होतं, ते सुरू केलं तर तिनं फोन बदकरावांच्या हातात दिला.

"आई, अजून किती आहेत?"

"दोन."

"मला सांगा. मी ऐकून घेतो."

गुणी जावई. दोन्ही दाखले ऐकले, वर 'वा' म्हणाले.


११ मार्च, मंगळवार

आज दवाखान्यात गेलो. खारूनं रिक्षातच बजावलं – तू यायचं, बसायचं, ऐकायचं. प्रश्न नाही.

तिथे समजावून सांगायला एक वेगळी बाई असते. पोरसवदाच आहे, पण आवाज आजीसारखा. खोलीत फिके पडदे, भिंतीवर समुद्राचं चित्र, टेबलावर कागदी रुमालांचं खोकं. खोकं खारूच्या बाजूला सरकवून ठेवलेलं, म्हणजे तिचाही अंदाज चांगला. मी तिचं नाव समजूतवाली ठेवलं.

समजूतवालीनं तीन मुलींची माहिती वाचून दाखवली. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. वय, शिक्षण, रक्तगट, तब्येत, आवडीनिवडी.

आता माझ्यासमोर मुलींची माहिती वाचायची आणि मी गप्प बसायचं! माशाला पाण्यात टाकून पोहू नको म्हणण्यासारखं आहे हे.

पहिली दोन विषयांत पदवी घेतलेली, बुद्धिबळ खेळणारी. माझ्या तोंडून गेलंच, "फार शिकलीय. जमवून घेईल का?"

"कुणाशी?" समजूतवालीनं विचारलं.

बरोबर. कुणाशी?

दुसरी गाणारी. मी म्हटलं, "घरात माणसं किती? आधी कुठे ठरून मोडलं होतं का?"

"मावशी, ती तुमच्याकडे नांदायला येत नाहीये."

बदकराव टेबलाखाली वाकले – बुटाची नाडी बांधायला. पायात चपला होत्या.

तिसरीबद्दल फार काही नव्हतंच. मध्यम शिकलेली, ठणठणीत, हसतमुख. हसतमुख हे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आपणहून घातलेलं. बीज का द्यायचंय असं विचारलं तर ती म्हणाली होती, 'का द्यायचं नाही?'

खारू लगेच, "हीच."

"अगं, अजून दोन-चार बघू तरी..."

"आई, मलाही तू सत्तावीस दाखवले होतेस. शेवटी मी तलावावर जाऊन माझं मी ठरवलं."

बदकराव टेबलाखालून वर आले. कान लाल.

बाहेर जिन्यात खारूनं माझा दंड धरला. "चौकशी करायची नाही. तुझी सवय मला ठाऊक आहे. चार गोष्टी कळल्या की तू माणसाच्या गल्लीपर्यंत पोचतेस. ती कोण हे आपल्याला कळणार नाही, आपण कोण हे तिला कळणार नाही. तसंच ठरलंय. तू काही हलवलंस आणि हे फिसकटलं, तर मला परत उभं राहता यायचं नाही, आई."

हे शेवटचं वाक्य तिनं हळू म्हटलं. मी कानाला खडा लावला.


१६ मार्च

धंद्याचं लिहायचं राहतंय. माझ्याकडे एक मुलगी आली आहे, रोपवाटिकेत काम करते. नखांत कायम माती, जिभेवर लगाम नाही. तीन ठिकाणी बघून गेले, तिन्ही ठिकाणाहून 'कळवतो' आलं. 'कळवतो' म्हणजे काय ते मला कळतं, आता तिलाही कळायला लागलंय.

"मावशी, माझ्यात काय वाईट आहे ते एकदा सांगून टाका."

"खोटं बोलता येत नाही तुला."

"मग शिकवा."

फार आवडली मला पोरगी. हिचं जमवणारच! घड्याळं दुरुस्त करणारा एक मुलगा आहे डोक्यात. सावकाश बोलतो, ऐकून घेतो. आई मात्र कडक. दारात पाऊल टाकायच्या आधी तिचा आवाज येतो. मी तिला गजर म्हणते.


२२ मार्च, शनिवार

आज रोपवाली, घड्याळजी आणि गजर, तिघं माझ्या खोलीत. चहा, बिस्किटं, मी मध्ये.

गजर : "स्वयंपाक येतो का?"

रोपवाली : "येतो. आवडत नाही."

मी डोळे मिटून घेतले. गेलं हेही!

तेवढ्यात घड्याळजी सावकाश म्हणाला, "मला आवडतो. येत नाही."

दोघं एकमेकांकडे बघून जे हसले ना! गजर कपात बघत बसली, पण तिच्याही ओठाचा कोपरा हलला. मी पाहिला.

जमतंय. चक्क जमतंय!


२९ मार्च, शनिवार

रोपवाली आज एकटी आली. मुलाकडच्या खुर्चीवर बसली, लक्षच नव्हतं.

"मावशी, एक आहे. स्थळाच्या आधीच मी एका दवाखान्यात नाव दिलंय. ज्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठी बीज द्यायचं असतं, त्याला. तपासण्या झाल्या. कुणीतरी बाई ठरलीये जिला हवंय. आता सुया सुरू होतील. त्यांच्याकडे सांगू का?"

माझी जीभ एवढ्या वर्षांच्या धंद्यानं घासून गुळगुळीत झालीय. विचार पोचायच्या आधी तीच पोचते.

"सांगूही नकोस आणि देऊही नकोस. गजरच्या कानावर गेलं तर उद्याच मोडेल. सोमवारी फोन कर आणि नाही म्हण. आधी लग्न होऊ दे."

"पण ती बाई? ती वाट बघत असेल ना?"

"तिला दुसरी मिळेल."

मान हलवली तिनं. जाताना चपला उलट्या पायात घातल्या, पुन्हा काढून नीट घातल्या.

खारू आठवली का मला? आठवली. लगेच आठवली. पण ही पोर माझ्या भरवशावर आलेली, हिचं लग्न माझ्या अंगावर. आणि आपली ती तिसरी ही कशाला असेल? समजूतवाली म्हणालीच होती, देणाऱ्या मुली शक्यतो बाहेरगावच्या असतात. असेल दुसऱ्या कुणाची तरी लेक. मिळेल तिला. मिळेलच.


३१ मार्च

रोपवालीचा निरोप – 'फोन केला. नाही म्हटलं.'

शहाणी मुलगी. गजर लग्नाला कुठला महिना बरा ते विचारतेय. आज झोप छान लागेल.


४ एप्रिल, शुक्रवार

खारूचा फोन.

"आई, ती नाही म्हणाली."

"कोण?"

"आपली. तिसरी. घरगुती कारण आहे म्हणे. याच आठवड्यात कळवलं तिनं."

खारूला वाटलं फोन कटला. "आई? आई?" करत राहिली.


५ एप्रिल

रात्र कशी काढली ते लिहीत नाही. सकाळी उठून खारूच्या दुकानात गेले.

गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तिनं मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, उंच खुर्चीवर बसवलं आणि नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली. "आलीच आहेस तर नंबर तपासू. हलू नकोस. वाच."

मी वाचलं नाही. सांगितलं. माझ्याकडची एक मुलगी, तिचं ठरत आलेलं लग्न, दवाखाना, सोमवारचा फोन. "बहुतेक तुझी मुलगी मीच पळवली."

"नाव सांगू नकोस!" खारूचं पहिलं वाक्य हे.

"नाही सांगत."

"बाहेरगावची असते म्हणाल्या ना? मग ही कशी असेल?"

"शक्यतो म्हणाल्या."

मग ती हसली. अगदी पोटातून. "आई, जगात एवढ्या बायका आणि तू नेमकी..." हसता हसता भिंतीला टेकली. आणि मग हसणं थांबलं. चौकटीत एक भिंग घालता घालता तिनं विचारलं, अगदी कामाच्या आवाजात –

"आणि ती माझी नसती, तर? दुसऱ्या कुणाच्या लेकीची असती, तर चाललं असतं?"

तिनं भिंग जरा फिरवलं.

"आता दिसतंय का?"

"नाही."

"डोळे पूस, मग दिसेल." चौकट काढून घेतली. "घरी जा, आई."

गेले.


६ एप्रिल

खारूचा फोन नाही.


७ एप्रिल

नाही.


८ एप्रिल

बदकरावांचा निरोप – 'जेवतेय. झोपतेय. चिडलेली आहे, पण प्रकृती उत्तम. गुडघे कसे आहेत?'

मी कळवलं, गुडघे मला धरून आहेत. बाकीच्यांचं काय ते तुम्ही बघा.


९ एप्रिल, बुधवार

चाललं असतं का?

चाललं असतं. तेच तर झोंबतंय. २९ तारखेला मी 'दुसऱ्या कुणाची तरी लेक' असं लिहिलं आणि दिवा मालवून घोरत पडले!

आज रोपवाटिकेत गेले. रोपवाली वाकून लहान लहान रोपं पिशव्यांत लावत होती. मला बघून म्हणाली, "मावशी! जरा हा ट्रे धरा." धरला. ट्रे धरून उभ्यानंच बोलले.

"मी तुला सांगितलं ते धंद्याचं होतं. जमलेलं मोडलं तर माझं नाव जातं, म्हणून. तुझा विचार त्यात थोडा होता, त्या वाट बघणाऱ्या बाईचा अजिबात नव्हता."

ती लावत राहिली.

"आणि दुसरं. माझ्या घरातही एकजण असंच कुणाचं तरी बीज मिळायची वाट बघतेय. कुणाकडून मिळणार ते आम्हाला ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायचंही नाही. पण त्यामुळे माझं मन आता सरळ नाही. हो म्हटलं तरी त्यात माझा स्वार्थ, नाही म्हटलं तरी धंदा. तू माझं ऐकूच नकोस. ज्याच्याबरोबर राहायचंय त्याला विचार."

"आणि मोडलं तर?"

"तर मी आहे. पुढचं स्थळ त्याच्यापेक्षा उंच आणते की नाही बघ."

"मला हाच हवाय."

"मग तर विचारच."

तिनं हात झटकले. "बघते." एवढंच. जाताना मला एक रोप दिलं. कसलं ते विचारायचं राहिलं.


१२ एप्रिल, शनिवार

गजर आली! जिन्यातूनच आवाज. मी पदर सावरला आणि मनात म्हटलं, ये बाई, जे व्हायचं ते होऊन जाऊ दे.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"नाही सांगितलं."

ती अडखळली. बहुतेक मी कानावर हात ठेवीन असं धरून आली होती. पुढचं सगळं भाषण त्यावर रचलेलं.

खाली बसली. "मुलगा म्हणतो, शरीर तिचं, तिनं आधी शब्द दिलाय, आपण कोण अडवणार. मी म्हटलं, अरे, उद्या रस्त्यात एखादं पोर तिच्यासारखं दिसलं तर? तर म्हणतो, छानच दिसेल." मग माझ्याकडे बघून, "काय बोलायचं असतं यावर?"

"मला नाही येत," मी म्हटलं.

"मलाही नाही आलं." चहा प्यायली. "मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. मला विचार करायला वेळ लागतो, तो मी घेणार."

दोन कप झाले. जाताना आवाज खालच्या पट्टीत होता. लग्न शाबूत आहे!


१७ एप्रिल

खारू आली. समोरच्या खुर्चीवर बसली, त्या बाजूच्या. तह करायला येतात तशी.

मी रोपवाटिकेतलं सांगितलं. नाव नाही, जागा नाही, कुणी काय म्हटलं तेवढंच.

"माझ्यासाठी गेलीस?"

"निघाले तुझ्यासाठी. तिथे पोचून बोलायला लागले तेव्हा कुणासाठी बोलत होते, देव जाणे."

तिनं बिस्किटांचा डबा पुढे ओढला. "राग अजून आहे," म्हणाली. "पण भूक लागलीय."

पोटभर जेवली. दुसरी मुलगी शोधायला दवाखान्याला वेळ लागेल म्हणे. मग भांडी घासताना माझ्या खांद्याला खांदा टेकवला. ओला हात, साबण, सगळं माझ्या बाहीला. पुसलं नाही मी.


२५ एप्रिल, शुक्रवार

समजूतवालीचा खारूला फोन – ती मुलगी तयार आहे! तीच! घरची अडचण मिटली म्हणे, मन बदललं, अजून कुणाला हवं असेल तर देते म्हणाली!

खारूनं मला सांगितलं आणि मी तिच्याकडून तेच तीनदा वदवून घेतलं.

नंतर मी खोलीत दोन पावलं नाचले. गुडघ्यांनी हरकत घेतली. त्यांना कोण विचारतंय!

रोपवालीला काही विचारलं नाही. परवा लग्नाच्या साड्यांचं बोलायला आली होती, तेव्हा गजरचं नाव काढलं की नुसती हसायची. मी विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. आम्हा दोघींना कळलं, असं मी समजते.


६ मे

खारूच्या गोळ्या सुरू. बदकराव पाण्याचा पेला घेऊन उभे राहतात, शिट्टी तेवढी वाजवायची बाकी आहे.


२० मे, मंगळवार

आज गर्भ आत ठेवला. एक ठेवला, दोन थंडीत राखून ठेवलेत. मी आणि बदकराव बाहेरच्या बाकावर. ते येरझाऱ्या घालत होते तर नर्सबाई म्हणाल्या, "बसा हो, फरशी झिजतेय." बसले. मग पाय हलवायला लागले. मग मीच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

खारू बाहेर आली ती जिन्यावरून भरलेला हंडा आणल्यासारखी चालत. "आई, पडद्यावर दिसलं. एक ठिपका. चकाकला."

"कुणासारखा होता?" माझ्या तोंडून गेलं. जीभ!

खारू थांबली. मी मेले तिथल्या तिथे.

"ठिपक्यासारखा," ती म्हणाली, आणि खळी पडली.


२१ मे

सकाळपासून पाच फोन. "आई, शिंकले तर चालतं का?" चालतं. "हसले तर?" चालतं. "जोरात?" अगं, तुझ्या वेळी मी शिडीवर चढून माळा आवरला होता! "हो, म्हणून मी अशी आहे."

आता ही खरंच हसायला घाबरतेय. बदकरावांना ताकीद दिलीय, काही दिवस विनोद बंद.


२६ मे

वाट बघणं म्हणजे काय ते आता कळलं. मी लोकांना किती सहज म्हणायचे – 'मिळेल हो, वाट बघा.'


३ जून, मंगळवार

हो! हो म्हणालेत! रक्त तपासून हो!!

बदकराव तलावावर होते. बातमी ऐकून कपड्यांसकट पाण्यात पडले म्हणे. शिकायला आलेली पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं हा आजचा धडा.

मी बाहेरच्या खोलीत चारही खुर्च्यांवर एकेकदा बसून घेतलं. का ते विचारू नये.


२० जून, शुक्रवार

आज हृदय ऐकवलं. घोड्याच्या टापांसारखं टकटकटक. एवढुसा जीव आणि घाई केवढी!

खारू परतताना रिक्षात म्हणाली, "आई, बाळाला आम्ही सांगणार आहोत. कळायला लागल्यापासून. लपवायचं नाही."

"मी सांगेन ना छान, विरजणाचं–"

"नाही!!" रिक्षावालासुद्धा दचकला. मग दोघी हसलो, जोरात, आता परवानगी आहे.

मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. "ती कोण आहे ते तुला माहीत आहे, ना?"

"वाटतं, माहीत आहे."

"तिला माझ्याकडून काहीतरी सांगावंसं वाटतं. पण काही सांगू नकोस."

"नाही सांगत." लग्न पुढच्या महिन्यात आहे. तिथे जाईन आणि रोपवालीला डोळे भरून बघून घेईन. एवढ्यानं तर कुठला नियम मोडत नाही. इतकी माया मला माझ्या कुठल्याच स्थळाची आलेली नाही.


२७ जून, शुक्रवार

रोपवाली आणि गजर लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्या. पोरीचा चेहरा ओढलेला, चाल जपून.

मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "काल झालं, मावशी! दिलं एकदाचं." आणि गजर म्हणाली, "उशीर माझ्यामुळे झाला, मला पटायला महिना लागला. आता आठवडाभर हिला कुंडी उचलू देणार नाही."

काल!

खारूच्या पोटातलं हृदय गेल्याच शुक्रवारी ऐकून आलेय मी.

म्हणजे रोपवालीच्या बीजाची वाट बघणारी ती खरोखरच दुसऱ्या कुणाची तरी लेक होती. इतके दिवस ताटकळली. आता मिळेल तिला.

आणि माझ्या खारूला जिनं दिलं, तिच्याकडे ट्रे धरून कोण उभं राहिलं असेल?